मदत हवी आहे: पोर्ट ८० बंद, साइट बाहेरून उघडेना
मंडळी, रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) टाकून सोसायटीची छोटी साइट घरूनच चालवतोय. घरच्या वायफायवर झकास उघडते, मोबाइल डेटावर नुसतं चक्र फिरतं. ८०८० या दुसऱ्या पोर्टवर लावली तर बाहेरूनही लगेच दिसली, म्हणजे सीजीनॅटची (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याची) भानगड नाही; ब्रॉडबँडवाल्यानेच ८० (साध्या http साइटचा नेहमीचा पोर्ट) अडवलाय. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "सर, राउटर रीस्टार्ट करा." आता सोसायटीतल्या काकांना पत्त्यापुढे ':८०८०' लिहायला कोण शिकवणार!

४४३ (https चा पोर्ट) उघडा आहे. पण https चं सर्टिफिकेट आणणारा सर्टबॉट चालवला की लेट्स एन्क्रिप्टचा (सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्व्हर पडताळणीसाठी ८० वरच येतो आणि टाइमआउट होतो. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) पडताळणीचा टीएक्सटी रेकॉर्ड टाकून सर्टिफिकेट मिळतं खरं, पण दर तीन महिन्यांनी हाताने कोण करणार? हे आपोआप होण्यासाठी कुणी काय जुळवलंय? की सरळ क्लाउडफ्लेअर टनेल (घरचा पोर्ट न उघडता त्यांच्या सर्व्हरमार्फत साइट दाखवणारी सेवा) घेऊ?