मे महिन्यातलं ज्यू मुलांचं शिबिर: तुमच्या आठवणी सांगाल का?

माहेर_पेण

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, पुण्यात कर्वेनगरला राहतो. लेक १३ वर्षांची आहे. मे महिन्यात अलिबागजवळ आपल्या समाजातल्या मुलांचं निवासी शिबिर आहे, पण ती जायला तयार नाही. "तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे?" एवढंच म्हणते. अख्ख्या शाळेत ती एकटीच ज्यू. रोश हशानाला, म्हणजे आपल्या नववर्षाला, रजा घ्यायची तर दरवर्षी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी द्यायची आणि हा सण कुठला तेही सांगायचं. घरी शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, विश्रांतीचा दिवस) पाळतो, पेसाहच्या सणाला बेखमीर भाकरी करतो, पण करणारे आम्ही चौघंच.

बाबांची बदलीची नोकरी होती, त्यामुळे मी स्वतः कधी अशा शिबिराला गेले नाही. जे गेलेत त्यांना इतक्या वर्षांनी नेमकं काय आठवतं? तिला वाचून दाखवणार आहे, म्हणून उपदेश नको, घडलेलं सांगा.

रास्ता_पेठ

माझं लहानपण रास्ता पेठेत, सुक्कथ शेलोमो सिनेगॉगच्या, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिराच्या, जवळच गेलं. ऐंशीच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला लोणावळ्याला नेत. एका सॅनेटोरियमच्या खोल्या भाड्यानं घेतलेल्या असत. मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबागहून मुलं यायची. पुण्याची आम्ही थोडीच.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो शुक्रवार. किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत घरी आजी करायची, आम्हाला पेल्यात आयतं मिळे. शिबिरात ते काम मुलांचं. गुरुवारी रात्री चटईवर बसून काळ्या मनुकांचे देठ काढायचे, धुवायच्या, मोठ्या पातेल्यात भिजत घालायच्या. शुक्रवारी दुपारी हातानं कुस्करून फडक्यातून गाळायच्या. बोटं जांभळी व्हायची. मग नहाणीपुढे बादल्यांची रांग, पांढरे कपडे, आणि दिवेलागणीला सगळी दालनात. मोठ्या मुलींनी दिवे लावले की आम्ही डोळ्यांवर हात धरायचो.

त्यानंतर 'लेखा दोदी' हे शब्बाथच्या स्वागताचं गाणं सुरू झालं आणि कळलं की ठाणेकरांची चाल आमच्यापेक्षा वेगळी आहे. पहिल्या कडव्याला नुसता गोंधळ. दुसऱ्याला त्यांनी आवाज चढवला, तिसऱ्याला आम्ही. जेवतानाही भांडण चालूच, खरी चाल कुठली म्हणून. माझ्या शाळेत मला "तुम्ही म्हणजे ख्रिश्चनच ना?" असं विचारत. आमचं गाणं कोणाला ठाऊकच नव्हतं, मग चालीवरून वाद कोण घालणार? इतकी आपली मुलं एका छपराखाली मी तोवर सिनेगॉगमध्ये सणाला सोडून कुठे पाहिली नव्हती, आणि सणाला तर मोठ्यांपुढे गप्प बसावं लागायचं.

शनिवारची संध्याकाळ वेगळी. तीन तारे दिसल्याशिवाय हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी, करायचा नाही, आणि लोणावळ्याला मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून येतात. आम्ही सगळे गच्चीवर माना वर करून उभे. एक चांदणी दिसली तर अलिबागचा एक मुलगा म्हणाला, तो शुक्र आहे, धरायचा नाही. शेवटी हझ्झानकाकांनी (प्रार्थना चालवणारे) घड्याळ पाहून आम्हाला खाली बोलावलं. वेणीची मेणबत्ती बाजारात मिळत नसे. बारीक मेणबत्त्या कोमट पाण्यात मऊ करून आम्हीच मुलींनी ती वळली होती. लवंगांचा वास घेतला, ज्योतीच्या उजेडात आपापली नखं पाहिली, आणि ती ज्योत सरबतात बुडवून विझवली. माझा सगळ्यात धाकटा भाऊ तेव्हा रडला, कारण शब्बाथ संपला म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी जायचं.

त्या मुलींपैकी बऱ्याच जणी पुढे इस्राएलला गेल्या. कुणी अश्दोदला आहे, कुणी बीरशेबाला, एक दिमोनाला. नातवंडं हिब्रूत बोलतात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लेखा दोदी'चा विषय निघाला की ठाण्याच्या अजूनही माघार घेत नाहीत.

बाळा, पहिली रात्र जड जाते, ते मी लपवत नाही. शेजारच्या गादीवरची मुलगीही जागीच असते. तिच्याशी बोल.

चिंचवडची_मुलगी

मी वेगळ्या शिबिराबद्दल लिहिते, पण लेकीला उपयोगी पडेल. मी कॉलेजात असताना हंगेरीतल्या सारवाशच्या शिबिराला गेले होते. १९९० साली जॉइंट ही ज्यू मदतसंस्था आणि लाउडर फाउंडेशन यांनी ते सुरू केलं, मुख्यतः पूर्व युरोपातल्या मुलांसाठी. साम्यवादी राजवटीत तिथे ज्यू म्हणून जगणं अवघड होतं. आता वीसहून जास्त देशांतली मुलं येतात, भारतातलीही.

माझ्या खोलीत एक हंगेरियन मुलगी होती. आपण ज्यू आहोत हे तिला बाराव्या वर्षी कळलं. आजीनं कधी सांगितलंच नव्हतं. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यूंना नेलं, बहुतेकांना ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत. तिच्या आजीच्या घरचे त्यात गेले. आजी वाचली आणि नंतर गप्प राहिली.

तिनं मला विचारलं, तुमच्याकडे लोक लपवायचे का? मी म्हटलं, नाही. माझ्या पणजोबांना गावात शनिवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद असायचा, ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्याचा कोणी त्रास दिला नाही. तिला ते खरं वाटेना. मी दोन-तीनदा सांगितलं. त्या रात्रीपर्यंत माझ्या लेखी ही आजीची नेहमीची गोष्ट होती, ऐकून ऐकून कंटाळा आलेली. तिला सांगताना माझाच आवाज भरून आला.

शुक्रवारी रात्री जेवणानंतर टेबलं वाजवत गाणी झाली, तेव्हा तिला शब्द येत नव्हते. मी तिच्या कानात ओळी सांगत होते आणि ती गात होती. आम्ही अजून बोलतो.

अलिबाग_इस्राएल_आळी

ताई, अलिबागजवळ शिबिर असेल तर नवगावला नेतीलच. आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना तिथे पुरलं, अशी आपली परंपरा. मी शिबिरातल्या मुलांसोबत स्वयंपाकी म्हणून बरेच उन्हाळे गेलो आहे. नवगावला सगळी गप्प असतात, तिथे फार बोलू नये हे त्यांना न सांगता कळतं.

गंमत होते ती येताना, अलिबागच्या एस.टी. स्टँडवर. गाड्यांच्या पाट्या वाचून मुलं ओरडतात: नागाव! पेण! तिथे नागावकर असतो, पेणकर असते. मुंबईत जन्मलेली मुलं, आडनावातलं गाव कधी पाहिलेलं नसतं. एकदा एक मुलगा गाडीत चढूनच बसला, उतरेना. संध्याकाळी परत यायच्या बोलीवर मग दोघा मोठ्यांनी त्याला त्याच्या गावी नेऊन आणलं.

खंडाळ्याला मलिदाही (गोड पोह्यांचा प्रसाद) करतात, घाटातल्या नव्हे, आपल्या अलिबागजवळच्या. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा म्हणतात तो खडक तिथे आहे. पोहे मुलांनाच भिजवायला देतो. जास्त पाणी घालतात, लगदा होतो, तरी प्रसाद म्हणून संपवतात.

माहेर_पेण

सगळ्यांचे मनापासून आभार. तिनं सगळं वाचलं, एस.टी.चं दोनदा. मग विचारलं, "आपलं गाव त्या पाट्यांवर असतं का?" असतं, पेणच्या पुढे. हो म्हणाली नाही अजून, पण पांढरा ड्रेस आहे का ते कपाटात बघत होती.

रास्ता पेठ ताई, तिचा एक प्रश्न: तिथे कोणी चाल विचारली तर तिनं कुठली सांगायची? आणि मनुका कुठल्या घ्यायच्या?

रास्ता_पेठ

मनुका बियांच्या, काळ्या. बेदाण्यांना तो रंग येत नाही. रात्रभर भिजल्याच पाहिजेत, घाईत गरम पाणी घालू नका. चालीचं म्हणाल तर शुक्रवारी संध्याकाळी तिला सिनेगॉगला घेऊन या. जायच्या आधी आमची चाल पाठ करून देते. ठाण्याची मुलं असणारच आहेत.