मदत हवी आहे : पंप कंट्रोलरच्या बोर्डवरचं कोटिंग कसं काढावं?

नमस्कार मंडळी,

पाण्याच्या पंपाच्या कंट्रोलरचा बोर्ड दुरुस्तीला घेतलाय. रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) चालवणारी यूएलएन २००३ ही १६ पायांची एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेली) आयसी गेली आहे, तेवढं पक्कं झालं. नवी आयसी हाताशी आहे. घोडं अडलंय ते कोटिंगपाशी. अख्ख्या बोर्डवर ओलाव्यापासून जपणारा चकचकीत, किंचित पिवळसर थर आहे आणि आयसीच्या पायांमध्ये तो चांगला दाट साचलाय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. नख रुतत नाही, रबरासारखं दबतही नाही, म्हणजे सिलिकॉन नसावं. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) इयरबडने लावून अर्धा तास ओलं ठेवलं. ॲक्रिलिक असतं तर चिकट झालं असतं, इथे ढिम्म. मग ॲसिटोन. थर जरासा सुरकुतला, पण ओघळ शेजारच्या डिस्प्लेवर गेला आणि त्याचं पारदर्शक प्लॅस्टिक कायमचं धुरकट झालं. शेवटी गरम सोल्डरिंग आयर्न थेट थरावर टेकवलं, तर तो तपकिरी पडून मऊ झाला, उग्र धूर निघाला आणि रात्रीपर्यंत घसा खवखवत होता.

माझा अंदाज पॉलियुरेथेन. बरोबर आहे का? आणि पॅड (पाय सोल्डर होतात ते बोर्डवरचे तांब्याचे ठिपके) न उचकटता आयसी कशी काढू?

शिवाय परत कोटिंग करायचं आहे, त्याची जास्त धास्ती वाटते. मागे एका बोर्डवर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते रसायन) न पुसताच स्प्रे मारला होता. सात-आठ महिन्यांत थराखालीच हिरवट गंज पसरला आणि दोन ट्रॅक खाल्ले गेले. वरचा थर मात्र शाबूत! ती चूक परत करायची नाही.

प्रतिसाद :

आधी ते आयर्न टेकवणं बंद करा. युरेथेन जळताना आयसोसायनेटची वाफ निघते, ती छातीला फार वाईट. खिडकी उघडून भागत नाही, धूर नाकापासून दूर ओढणारा पंखा हवाच.

लक्षणांवरून युरेथेनच वाटतं. यूव्ही टॉर्च मारून ओळखायला जाऊ नका. चमकणारा रंग सगळ्याच प्रकारांत घालतात. त्याचा उपयोग थर कुठे आहे, कुठे सुटलाय हे बघायला.

आयसी मेलेलीच आहे ना? मग ती अख्खी काढायचा हट्ट सोडा. बारीक कटरने सोळाही पाय अंगाजवळ कापा, मग आयसीचं धड उचला. ते खाली चिकटलं असेल तर हॉट एअरची मंद ऊब द्या, ओढू नका. पॅड उचकटतात ते तिथेच. मग उरलेल्या पायांवरचा थर तसाच उबेवर मऊ करून बांबूच्या अणकुचीदार काडीने खरवडा आणि एकेक पाय सोल्डर वितळवून चिमट्याने घ्या. रंग काढायचं स्ट्रिपर अजिबात नको, ते बोर्डचं इपॉक्सीसुद्धा खातं.

गंजाचं म्हणाल तर कोणतंही कोटिंग पाण्याची वाफ पूर्ण अडवत नाही. वाफ हळूहळू आत जाते, फ्लक्समधले क्षार ती धरून ठेवतात, वर व्होल्टेज असतंच. म्हणून आयपीए आणि ब्रशने धुवा, आणि घाण झालेलं आयपीए बोर्डवरच वाळू देऊ नका, नव्याने खळखळून काढा. मग ६० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. दुरुस्तीच्या जागी ॲक्रिलिक चालेल. जुन्या थराची कड हलकी घासून घ्या म्हणजे पकडेल. एकदम जाड मारू नका, बुडबुडे अडकतात आणि पुढे तडे जातात. पातळ दोन-तीन हात द्या, मध्ये वाळू द्या. वाळल्यावर ३० ते १३० मायक्रॉन पुरे.

धागाकर्ता :

मनापासून धन्यवाद. पाय कापून आयसी निघाली, सोळाही पॅड जागेवर आहेत! आता धुणं चालू आहे. कनेक्टर आणि प्रीसेटवर (स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) टेप लावली. रिलेच्या डोक्यावर एक बारीक भोक दिसतंय, हवा जायला ठेवलेलं असावं. धुताना आणि स्प्रे मारताना तेही टेपने झाकतो आणि नंतर उघडतो. बरोबर ना?