अव्वल विद्यार्थ्यांना शाळेविषयी कधी विचारावे?

धागाकर्ता

अमेरिकेतील हायस्कुलांचे वर्ष मे-जूनमध्ये संपते आणि त्याच सुमारास शाळेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांची मनोगते ठिकठिकाणी छापून येऊ लागतात. या विद्यार्थ्याला तिथे व्हॅलेडिक्टोरियन म्हणतात. 'निरोप घेणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव आले असून समारंभातले निरोपाचे भाषण बहुधा त्यानेच करायचे असते. मनोगतासाठीचे प्रश्न ठरलेले असतात: शाळेने काय दिले, कोणती आठवण जवळची वाटते, पुढे काय करायचे ठरवले आहे. माझी दोन्ही मुले तिथल्याच शाळांत शिकली, त्यामुळे ही मनोगते मी दहा-बारा वर्षे नेमाने वाचत आलो आहे, आणि ती त्या वेळी मागूच नयेत अशा मताला मी आलो आहे.

माझे कारण असे आहे. ही मुले आदल्या उन्हाळ्यापासून स्वतःविषयीच लिहीत असतात. अनेक महाविद्यालयांसाठी मिळून जो सामायिक प्रवेशअर्ज असतो, त्यात ६५० शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या आसपास असते आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. अडचण आली, तिच्यातून मी काय शिकलो आणि आता मला जगासाठी काय करायचे आहे, ही कहाणी मुले तोवर इतक्या वेळा घासूनपुसून लिहितात की पुढे त्यांना स्वतःलाच ती पूर्ण खरी वाटू लागते. जूनमध्ये आपण वाचतो ते शाळेचे चिंतन नसते, प्रवेशसमितीसाठी लिहिलेल्या निबंधाचाच तो पुढचा मसुदा असतो. हेच प्रश्न दहा वर्षांनी विचारावेत, म्हणजे उत्तरे खरी येतील.

पहिला प्रतिसाद (असहमत)

आपले निबंधाविषयीचे निरीक्षण मला मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. इलिनॉय राज्यातील हायस्कुलांमधून १९८१ मध्ये पहिल्या-दुसऱ्या आलेल्या ८१ विद्यार्थ्यांचा टेरी डेनी आणि त्यांच्यानंतर कॅरन आर्नल्ड यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि आर्नल्ड यांचे त्यावरील पुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मुलींविषयीचा आहे. शाळा सोडताना 'मी सरासरीपेक्षा पुष्कळच हुशार आहे' असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण मुलामुलींत जवळपास सारखे होते. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मुलींमधील हे प्रमाण झपाट्याने घसरले, मुलांमधले मात्र जवळपास तसेच राहिले. आणि मुलींचे गुण तर मुलांपेक्षा कुठेही कमी नव्हते.

आता विचार करा, त्या मुलींना शाळा सुटताना कोणी काहीच विचारले नसते आणि दहा वर्षांनी पहिल्यांदा विचारले असते, तर काय उत्तर आले असते? 'मला स्वतःविषयी फारसा भरवसा कधी नव्हताच,' असे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले असते, आणि ते चुकीचे ठरले असते. आठवणीवर नंतरच्या आयुष्याचा रंग चढतो. अठराव्या वर्षीचे उत्तर कितीही घासलेले असले, तरी त्या वयाचा दुसरा पुरावा आपल्याकडे नसतो.

दुसरा प्रतिसाद (हायस्कुलातील शिक्षिका)

आपण दोघेही वेळेविषयी बोलत आहात. माझ्या मते दोष प्रश्नांत आहे. पहिला क्रमांक कसा ठरतो, हेच या मनोगतांत कोणी विचारत नाही.

अनेक शाळांत एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीच्या विषयात 'ए' श्रेणी मिळाली तर ५ गुणांक धरतात आणि साध्या विषयातील 'ए'ला ४. समजा एका मुलीने सहा एपी विषय घेतले, सातवा तास वाद्यवृंदाला दिला आणि सातही ठिकाणी 'ए' मिळवला. तिची सरासरी ३४ भागिले ७, म्हणजे ४.८६ होते. शेजारच्या मुलाने तेच सहा विषय घेतले आणि सातवा तास रिकामा ठेवला, तर त्याची सरासरी ५ येते. ज्या मुलीने एक विषय अधिक शिकला आणि त्यातही उत्तम काम केले, ती मागे पडते. दहावीत शिकणारी मुले हा हिशेब माझ्यासमोर बसून करतात आणि व्हायोलिन सोडून देतात. हे पाहताना मला फार वाईट वाटते.

मुलांना यात लोभी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण क्रमांकावर खरोखर बरेच अवलंबून असते. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला (ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा पुढे बरीच कडक झाली), आणि शाळेत पहिल्या येणाऱ्याला तिथल्या सार्वजनिक विद्यापीठात पहिल्या वर्षाची शिकवणी फी माफ असते.

तिसरा प्रतिसाद (पूर्वी पहिली आलेली विद्यार्थिनी)

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. माझ्या मनोगतात 'न्यूरोसर्जन होणार' असे छापून आले होते. ते मी खोटे लिहिले नव्हते. त्या दिवशी मला तसेच वाटत होते. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राची गोडी लागली, तेव्हा विषय बदलण्यापेक्षा ते छापील वाक्य मागे घेणे मला अवघड गेले. आईने ते कात्रण जपून ठेवले होते आणि ओळखीतले प्रत्येक जण अभ्यास कुठवर आला हे विचारत होते. बदल करायला मला दीड वर्ष लागले. अठराव्या वर्षीच्या बेताला चारचौघांत दिलेल्या वचनाचे वजन येते, आणि ते त्या वयाला पेलत नाही.

पहिला प्रतिसादक

आपला अनुभव वाचून मी माझे म्हणणे थोडे आवरते घेतो. इलिनॉयच्या अभ्यासातली उत्तरे गोपनीय होती, ही गोष्ट मी लक्षात घ्यायला हवी होती. विचारणे आणि नावानिशी छापणे यांत फरक केला पाहिजे. बेत विचारावा, लिहून ठेवावा, पण छापू नये. शाळेविषयीचे मात्र तेव्हाच विचारावे आणि तेव्हाच छापावे, कारण शाळेला त्यातून काही सुधारायचे असेल तर दहा वर्षांनी आलेले उत्तर तिच्या कामाचे नाही. तोवर निम्मे शिक्षकही बदललेले असतात.

धागाकर्ता

हे शेवटचे कारण मला पटले. शाळेविषयीचा प्रश्न तेव्हाच विचारावा, हे मी मान्य करतो. बेताविषयीचे माझे मत मात्र अधिकच पक्के झाले आहे. तरीही शंका उरते: शाळेविषयी विचारले तर उत्तर पुन्हा 'उत्तम शिक्षक आणि जिवाभावाचे मित्र' असेच येणार नाही का? तिसऱ्या प्रतिसादकर्त्यांना विचारतो, आपल्याला तेव्हा कोणता प्रश्न विचारला असता, तर आपण निबंधाबाहेरचे काही बोलला असता?

तिसरा प्रतिसाद देणारी

वरच्या शिक्षिकाबाईंचा हिशेब वाचल्यापासून मी त्याच प्रश्नावर अडकले आहे: क्रमांकासाठी कोणता विषय सोडलास? मी चित्रकला सोडली होती. दहावीच्या सुरुवातीला, सरासरी ०.०४ ने खाली येत होती म्हणून. आमच्या चित्रकलेच्या बाईंना मी तास जुळत नसल्याचे कारण सांगितले होते.