उत्तर युरोपच्या जुन्या देवाला, थोरला, आपला म्हणता येईल का?

रानवाट:
गेल्या जूनमध्ये आइसलँडला हेल्गाफेलवर चढले. उंची जेमतेम ७३ मीटर, आपल्याकडे कोणी नाव विचारणार नाही अशी टेकडी. पायथ्याशी जुन्या कथांमधल्या गुड्रूनची कबर. तिथून निघायचं, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, वर गेल्यावर पूर्वेकडे तोंड करून तीन इच्छा मागायच्या. मी अर्ध्यातच "आई गं" म्हणून बसले, म्हणजे इच्छा बाद!

पण विषय तो नाही. ही टेकडी पवित्र मानली थोरोल्फ नावाच्या वसाहतकाराने. नवव्या शतकात नॉर्वेच्या राजाशी त्याचं बिनसलं. एर्बिग्या सागा (सागा म्हणजे तिथली जुनी गद्यकथा) सांगते की त्याने आपल्या जिवलग मित्राला, म्हणजे थोर नावाच्या देवाला, कौल लावला: राजाशी जुळवून घेऊ की देश सोडू? कौल आइसलँडचा मिळाला. मग त्याने देऊळ उतरवलं, लाकूड आणि देवाच्या बैठकीखालची माती गलबतात भरली. किनारा दिसताच थोरची प्रतिमा कोरलेला खांब पाण्यात सोडला आणि तो लागला तिथे बिऱ्हाड मांडलं. तोंड धुतल्याशिवाय हेल्गाफेलकडे बघायचं नाही, असा त्याचा दंडक होता.

अशा देवाला जुन्या भाषेत 'फुल्त्रूइ' म्हणत, पूर्ण भरवशाचा. मला हे नातं भावलं. वर्षभर दर गुरुवारी (थोरचा वार तोच, आणि आमच्याकडे दत्ताचाही, एका दिवसात दोघांची सोय) खिडकीत कोकम सरबताचा पेला ठेवते, दोन शब्द बोलते, मग ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते. घरचे हसतात. तुम्हाला काय वाटतं?

कर्कोटक:
कढीपत्ता जगला का, ते आधी सांगा.

ताई, तुम्ही मैत्री म्हणताय तो रोखठोक व्यवहार होता. सागांमधल्याच ह्राफ्नकेलची गोष्ट बघा. पठ्ठ्याने आपल्या लाडक्या घोड्यात फ्रेय देवाला निम्मी भागीदारी दिली आणि शपथ घेतली की दुसरा कोणी त्यावर बसला तर त्याला ठार मारीन. मेंढ्या हरवल्या म्हणून एक गरीब गुराखी बसला, त्याला खरंच मारलं. पुढे शत्रूंनी ह्राफ्नकेलला घराबाहेर काढलं, घोडा कड्यावरून ढकलला, देऊळ जाळलं. तेव्हा हा म्हणाला, देवांवर विश्वास ठेवणं खुळेपणा आहे, आणि पुन्हा कधी बळी दिला नाही. आपल्याकडे नवस फेडला नाही तर देव कोपतो. इथे देव कामाला आला नाही म्हणून भक्तानेच राजीनामा दिला.

शिवाय आइसलँड साधारण १००० साली ख्रिस्ती झालं, आणि या सागा लिहिल्या गेल्या त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी. परंपरा तुटलेली, गुरू नाही, मंत्र नाही. तुमचा पेला हा छंद आहे. छंद म्हणा, माझी हरकत नाही.

आळूवडी:
कर्कोटकराव, सोयीची गोष्ट निवडलीत. सागांमधला कवी एगिल स्काल्लाग्रिम्सन विसरलात? त्याचा मुलगा समुद्रात बुडाला. म्हातारा दार लावून पडला, उपाशी मरायचं ठरवून. मुलगी थोरगेर्ड आली, म्हणाली मीही तुमच्याबरोबर मरते, आणि शेजारच्या बिछान्यावर पडून काहीतरी चघळायला लागली. समुद्री शेवाळ. याने लवकर मरण येतं म्हणे! त्यानेही खाल्लं. खारट ते, तहान लागली. पाणी मागितलं तर हातात आलं दूध. मग पोरगी म्हणते, फसलो बाबा आपण, आता जगून मुलावर कविता तरी करा.

त्या कवितेत तो ओडिन देवाला सुनावतो: तुझ्यावर भरवसा ठेवला आणि तू मैत्री मोडलीस. तुला मी काही हौसेने पुजत नाही. तरी शेवटी कबूल करतो की काव्यही याच देवाने दिलं. याला व्यवहार म्हणायचं? मला तर विठोबाला शिव्या घालणारी जनी आठवली.

आणि देवासोबत माती नेण्याचं म्हणाल तर आम्हा फोंडेकरांना त्यात नवल नाही. १५६० मध्ये मंगेश कुशस्थळीहून रातोरात प्रियोळला आला तो हौसेने नाही, पोर्तुगिजांच्या धाकाने.

कर्कोटक:
जनीला मध्ये आणू नका. जनी विठ्ठलाला शिव्या देते ती तो भेटावा म्हणून. एगिल शेवटी हिशेब मांडतो: मुलगा गेला, कविता मिळाली, भरपाई झाली. सुंदर आहे, पण भक्ती नाही.

घाटमाथा:
मी जर्मनीत राहतो. इथे गळ्यात थोरचा हातोडा घातलेला माणूस दिसला की आधी तो कोणत्या गटातला ते बघावं लागतं. हिटलरच्या एसएस दलाने रून (त्या जुन्या लिपीतली) चिन्हं वापरली, आणि आजचे वंशवादीही तीच मिरवतात. त्यांच्या लेखी हे देव रक्ताने मिळतात, आपल्या सावळ्या हातचं सरबत त्यांना चालायचं नाही.

या जुन्या देवांना मानणाऱ्यांची आइसलँडची असात्रू संस्था (१९७२ ला स्थापना, पुढच्या वर्षी सरकारी मान्यता) त्यांच्यापासून उघडपणे फटकून राहते, हे खरं. पण तिचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मारसनही म्हणतात की आठ पायांच्या घोड्यावरचा एकडोळ्या म्हातारा (म्हणजे ओडिन) कोणी खरा मानत नाही, ती काव्यरूपकं आहेत. मग ताई बोलतात कोणाशी?

रानवाट:
घाटमाथादादा, मलाही नेमकं सांगता येत नाही. दत्ताशी बोलते तेव्हा तरी कुठे सांगता येतं? वंशवाद्यांचं म्हणाल तर त्यांनी पळवलं म्हणून मी का सोडू?

कर्कोटक, कढीपत्ता वाळला. पण हावामाल या त्यांच्या जुन्या काव्यातच म्हटलंय की अती नैवेद्य देण्यापेक्षा काही न मागितलेलं बरं, म्हणून आता पेल्याऐवजी घोटभर पाणी. आणि दोन देव चालत नाहीत म्हणाल, तर हेल्गी नावाचा वसाहतकार घ्या. ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रावर आणि अडीअडचणीला हाक थोरला.

कर्कोटक:
त्याने घराला नाव काय दिलं तेही सांगा की. क्रिस्टनेस!

रानवाट:
हो, पण कुठे उतरायचं ते विचारलं थोरला.