‘कंपाइल झालं ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

वागळे इस्टेटवाला : काल इथे एकाने लिहिलं की सी भाषेतली राखीव नावं (जी आपल्या कोडमध्ये वापरायची नसतात ती) वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत, कोड कंपाइल झाला की विषय संपला. वाचून डोकंच फिरलं. गेल्या वर्षी एनर्जी मीटरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, नव्या चिपवर न्यायचं होतं. आधीच्या माणसाने तीन फेजसाठी इनम, म्हणजे नावांची यादी, केलेला, अंडरस्कोर आर, अंडरस्कोर वाय, अंडरस्कोर बी. जुन्या कंपायलरवर सहा वर्षं बिनबोभाट चाललं. नव्या चिपच्या जीसीसी कंपायलरवर त्याच ओळीला एरर, ‘एक्स्पेक्टेड आयडेंटिफायर बिफोर न्यूमेरिक कॉन्स्टंट’. आर चालतो, वाय चालतो, बी वर बोंब! दीड दिवस गेला. शेवटी मायनस ई लावून प्रीप्रोसेसरचं, म्हणजे कंपाइल होण्याआधीच्या पायरीचं, आउटपुट बघितलं तर बी च्या जागी ०२०० बसलेलं, कारण न्यूलिब या सी लायब्ररीच्या सीटाइप हेडर फाइलमध्ये त्याच नावाचा मॅक्रो आहे, म्हणजे ते नाव दिसलं की त्याजागी तो आकडा बसतो. अंडरस्कोरपुढे कॅपिटल अक्षर किंवा सुरुवातीलाच दोन अंडरस्कोर, ही नावं १९८९ च्या स्टँडर्डपासून कंपायलर-लायब्ररीवाल्यांची आहेत, आपली नाहीत.

रबाळे ८०५१ : कालची पोस्ट माझीच. आणि तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. ८०५१ चिपसाठीच्या कीलच्या सी-५१ कंपायलरमध्ये डेटा, कोड, बिट, इंटरप्ट, यूझिंग हे सगळे कीवर्ड, म्हणजे कंपायलरने स्वतःसाठी ठेवलेले शब्द आहेत, त्यात अंडरस्कोर दाखवा बघू कुठे आहे? पॅकेटच्या स्ट्रक्चरमध्ये ‘डेटा’ नावाचा मेंबर टाकला की कंपायलर आडवा. ते नाव तर स्टँडर्डने मला दिलेलं होतं ना? मग नियम फक्त मीच का पाळायचा? आमचा माल एकाच चिपवर चालतो, पोर्टेबल करून कुणाला दाखवायचंय.

वागळे इस्टेटवाला : अहो एसडीसीसी कंपायलर बघा ना, त्याच ८०५१ साठी आहे आणि तिथे एक्सडेटा, कोड, बिट सगळ्यांना पुढे दोन अंडरस्कोर. तसंच करायला हवं होतं. कीलने चूक केली म्हणून आपण पण करायची का? कंपायलरचे कीवर्ड एकाच हेडरमध्ये मॅक्रोमागे ठेवा, बाकीच्या कोडला कळायलाही नको.

घोडबंदरकर : मुळात हे सगळं कॉलेजात बिघडतं. टर्बो सी हा जुना कंपायलर, स्टँडर्डमधल्या इंट मेनऐवजी व्हॉइड मेन, स्क्रीन पुसायला सीएलआरएससीआर. मी प्रॅक्टिकलला इंट मेन लिहिलं तर एक्स्टर्नलने दोन मार्क कापले, वर म्हणाले शहाणपणा नको. टर्बोमध्ये नियर, फार, ह्यूज हे कीवर्ड आहेत हे कधी कुणी सांगितलंच नाही, आणि विंडोजच्या हेडरमध्ये नियर-फार आजही रिकामे मॅक्रो म्हणून बसलेत. कॅमेऱ्याच्या स्ट्रक्चरमध्ये फ्लोट नियर लिहिलं तर नावच गायब, मागे नुसता ‘फ्लोट’ उरतो.

ऐरोलीची मॅडम : मी शिकवते, म्हणून बोलते. लॅबमध्ये काय इन्स्टॉल करायचं ते आम्ही ठरवत नाही. तीन वर्षं जीसीसी मागतेय. दर वेळी सगळं खापर शिक्षकांवर फोडू नका.

घोडबंदरकर : मॅडम, मार्क कापायला तर कुणी सांगितलं नव्हतं ना.

ऐरोलीची मॅडम : ते चूकच होतं. पण माझ्या वर्गात इंट मेनच चालतं, आणि त्यासाठी मी एक्स्टर्नलशी समोरासमोर भांडलेय. तुम्ही तेव्हा भांडलात का?

रबाळे ८०५१ : विषय कुठे चाललाय? हे कॉलेजपुराण वेगळ्या धाग्यात काढा.

वागळे इस्टेटवाला : तुम्ही उत्तर दिलेलं नाही. तुमच्या हेडर गार्डला, म्हणजे हेडर दोनदा घेतलं जाऊ नये म्हणून ठेवतो त्या नावाला, पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर आहेत की नाही?

रबाळे ८०५१ : आहेत. सगळ्यांच्याच असतात, जीसीसीच्या हेडरमध्ये बघून तसेच लिहिले.

वागळे इस्टेटवाला : तिथे आहेत कारण ती नावं त्यांचीच आहेत! आपण तेच उचलतो आणि मग एक दिवस टक्कर होते. क्लँग कंपायलरला आवृत्ती १३ पासून रिझर्व्ह्ड आयडेंटिफायरची, म्हणजे राखीव नावांची, वॉर्निंग आहे, एकदा लावून बघा.

रबाळे ८०५१ : लावली. ४१ आल्या, त्यातले ३८ गार्ड. ते उद्या बदलतो, गार्डचं तुमचं बरोबर आहे. पण ‘डेटा’ हे नाव बदलून ‘पेलोड’ करावं लागलं ते माझ्या चुकीने नाही, आणि त्याबाबतीत मी माघार घेणार नाही.