विल्सन फिस्क खुर्चीत बसला आणि संपला?

शाईचा_डाग (धागाकर्ता)

शनिवार-रविवार पावसाने घरात कोंडलं म्हणून मार्व्हलचं 'डेव्हिल्स रेन' हे कॉमिक पुन्हा वाचून काढलं (हा रेन राज्याचा, पावसाचा नव्हे). वाचून जी चिडचिड झाली ती इथे ओततो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विल्सन फिस्क ऊर्फ किंगपिन हा मार्व्हलच्या न्यूयॉर्कमधला टोळ्यांचा बाप. जुलै १९६७ मध्ये 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ५० व्या अंकात स्टॅन ली आणि थोरले जॉन रोमिटा यांनी त्याला आणला. टक्कल, पांढरा कोट, हातात काठी, साडेसहा फुटांवर उंची. पोट वाटतं ते सगळं स्नायू. अंगात शक्ती म्हणाल तर एकही नाही. २०१७ मध्ये कथेत तो न्यूयॉर्कचा महापौर झाला आणि पुढची चार-पाच वर्षं त्या खुर्चीत होता.

माझं म्हणणं, तिथेच त्याची माती झाली.

फिस्क खरा कळतो तो १९८६ च्या 'बॉर्न अगेन'मध्ये. फ्रँक मिलरचं लेखन, डेव्हिड मॅझुकेलीची चित्रं, 'डेअरडेव्हिल'चे अंक २२७ ते २३३. मॅट मर्डॉक हा आंधळा वकील, मुखवटा चढवला की डेअरडेव्हिल. त्याची जुनी प्रेयसी कॅरेन पेज मेक्सिकोत नशेच्या एका डोसासाठी 'डेअरडेव्हिल म्हणजे मॅट' हे गुपित विकते. हातोहाती ते गुपिताचं पाकीट फिस्ककडे पोचतं. दुसरा कुणी असता तर त्याच रात्री मारेकरी धाडले असते. फिस्कही हुकूम सोडतो, पण तो ज्यांच्या ज्यांच्या हातातून पाकीट आलं त्यांना संपवायचा. मॅटला मात्र तो हातही लावत नाही. थांबतो. मग मॅटची बँकेतली खाती गोठतात. घराच्या कर्जाचे हप्ते भरलेले असून थकलेले दिसतात. मुलाच्या आजारपणाने गांजलेला एक पोलीस अधिकारी त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देतो आणि वकिलीची सनद जाते. फिस्क या सगळ्यात कुठेही नाही. फोन, फाइल आणि धीर, एवढंच भांडवल.

असा माणूस महापौर झाला की काय होतं? पत्रकार परिषदा घेतो. मुखवटेवाल्यांवर बंदी आणतो. टीव्हीवर येऊन दम देतो. अरे, ज्याचं नाव घ्यायला लोक घाबरायचे त्याच्या नावाची पाटी दारावर लागली! दिसू लागला की असला माणूस अर्धा संपतो.

पटत नसेल तर भांडा.

हेल्स_किचनकर

भांडतोच. तुम्ही ज्या मिलरची आरती ओवाळताय, त्यानेच हे आधी करून ठेवलंय. १९८२ च्या सुमाराचे 'डेअरडेव्हिल'चे अंक काढा. चेरी नावाचा महापौरपदाचा उमेदवार आठवतोय? तो कुणाचा माणूस होता? फिस्कचाच. म्हणजे सिटी हॉलवर त्याची नजर पस्तीस वर्षं आधीपासून होती, फक्त तेव्हा प्यादं पुढे केलं होतं.

ते प्यादं मागे का घ्यावं लागलं तेही सांगतो, कारण तो प्रसंग मला 'बॉर्न अगेन'पेक्षा वरचा वाटतो. इमारत कोसळून फिस्कची बायको व्हनेसा मेली असं सगळे धरून चाललेले. प्रत्यक्षात ती स्मृती हरवून शहराच्या गटारांत जगत असते. डेअरडेव्हिल तिला शोधतो आणि फिस्कच्या पुढ्यात तिची लग्नाची अंगठी टाकतो. बायको हवी असेल तर तुझा महापौर मागे घे. आणि फिस्क घेतो!

तेव्हा खुर्चीने फिस्क संपला वगैरे काही नाही. प्यादी कच खातात, तर स्वतःच बसू, इथवर तो पोचला. हे पात्र पुढेच गेलं की.

भिंतीवरचा_कोळी

तुम्ही दोघं ज्याच्यावर भांडताय तो माल मुळात आमच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, दुकानातला आहे, हे आधी कबूल करा.

५० व्या अंकात पीटर पार्कर, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅन, पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो. कोळी मैदानातून बाहेर पडला हे हेरून फिस्क फुटकळ टोळ्या एका छत्राखाली आणतो. बाजार रिकामा दिसला आणि व्यापारी घुसला, इतकं सोपं. पुढच्या दोन अंकांत फ्रेडरिक फॉसवेल, जो कधीकाळी स्वतः 'बिग मॅन' म्हणून टोळी चालवायचा आणि नंतर बातमीदार झाला होता, तो पुन्हा गादी मागायला जातो, फिस्कच्या हाताखाली राबायची पाळी येते आणि शेवटी संपादक जेमसनला वाचवताना गोळी खाऊन मरतो. जुना डॉन, नवा डॉन आणि मधे चेपला गेलेला माणूस. साठच्या दशकातल्या पोरांच्या अंकात हे होतं, राव. मिलरने आभाळातून आणलं नाही.

आणि खानदानाचं दुखणंही आमच्याकडचंच. १९७० मध्ये 'स्कीमर' नावाचा कुणी फिस्कच्या धंद्याला सुरुंग लावतो. मुखवटा उतरतो तेव्हा तो फिस्कचा मुलगा रिचर्ड निघतो. आल्प्समध्ये मेला म्हणून ज्याला रडून झालं होतं तो. बापाचा धंदा कळला म्हणून बापावर उलटलेला. ते कळल्यावर हा डोंगराएवढा माणूस जागच्या जागी दगड होतो. हलत नाही, बोलत नाही.

माझ्या लेखी फिस्कची उंची मोजायची तर त्या एका चौकटीत. तुमची बँकेची खाती राहू द्या.

(टायपिनमधून गॅस सोडायचा आणि काठीतून किरण मारायचा, त्याबद्दल आपण कुणीच बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.)

शाईचा_डाग

@हेल्स_किचनकर, चेरीचा मुद्दा मान्य, विसरलो होतो. पण तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत. चेरी पडद्यावर, फिस्क पडद्यामागे. ती मांडणी म्हणून चालली. प्याद्याची जागा वजिराने घेतली की वजीरही एकेक घर चालायला लागतो.

@भिंतीवरचा_कोळी, गॅसच्या टायपिनला दंडवत. मात्र फॉसवेलचे ते तीन अंक मी फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेल्या एका फाटक्या संग्रहात वाचलेत आणि त्यातला फिस्क निम्मा वेळ कुस्ती खेळतो. गेंड्यासारखा धावून येणारा माणूस आणि मॅटला कागदावर संपवणारा माणूस एकच आहेत यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

कडू_कारलं

इथवर सगळे प्रतिसाद पुरुषांचे दिसतात, म्हणून कुणाला खटकलं नसावं. व्हनेसाचा उल्लेख आला तो ओलीस म्हणून. कॅरेनचा आला तो गुपित विकणारी म्हणून. फिस्कचा इतिहास लिहायचा तर तो या बायकांच्या अंगावर लिहिलाय.

मोजा. व्हनेसाच्या सांगण्यावरून फिस्क धंदा सोडून जपानला जातो. १९८१ मध्ये मिलर त्याला परत आणतो, पण आणायचा कसा? व्हनेसाला पळवून, मेली असं दाखवून. 'लव्ह अँड वॉर' या कॉमिकमध्ये तिच्यावर उपचार करायला डॉक्टर हवा म्हणून त्या डॉक्टरच्या अंध बायकोला उचलतात. माया लोपेझ, म्हणजे एको: फिस्क तिच्या बापाला मारतो, तिलाच लेकीसारखी वाढवतो आणि खरं कळल्यावर ती त्याच्या तोंडावर गोळी झाडते, त्याची नजर जाते. २००७ मध्ये व्हनेसा खरोखर मरते. नंतर स्पेनमध्ये एका विधवेच्या घरी याला शांती लाभते, तर ती बाई पोरांसकट मारली जाते. का? साहेबांना न्यूयॉर्कला परत यायला कारण हवं ना!

खुर्चीने माती झाली म्हणता. माती कधीच झाली होती. दर दहा वर्षांनी एक बाई मारायची आणि माणूस पुन्हा पेटवायचा, ही लेखकांची काडेपेटी.

फक्त एकदा हा खेळ उलटा झाला. लेखक बेंडिस आणि चित्रकार मालीव्हच्या काळात, २००१-०२. आंधळ्या झालेल्या फिस्कला त्याचीच माणसं भोसकतात, सीझरला भोसकावं तशी. कटात रिचर्डही. तेव्हा व्हनेसा येते. कटवाल्यांना एकेक करून संपवते, उरलेला कारभार विकून टाकते आणि स्वतःच्या मुलाला स्वतःच्या हाताने गोळी घालते. नवऱ्याला घेऊन परदेशी निघून जाते. ना आरडाओरड, ना भाषण. त्या अंकांत खरी किंगपिन कोण होती ते सांगा.

रिमोटवाला

कॉमिक्स वाचलेलं नाही, आधीच कान पकडतो. २०१५ च्या 'डेअरडेव्हिल' टीव्ही मालिकेत फिस्क झालेला व्हिन्सेंट डोनोफ्रिओ बघून भक्त झालो. लहानपणी आईला मारहाण करणाऱ्या बापाच्या डोक्यात हातोडा घालतो तो भाग बघून झोप उडाली होती. तुम्ही कुणी त्याबद्दल लिहिलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. आणि २०२५ च्या मालिकेत महापौर झालेला फिस्क मला तरी भारी वाटला.

कडू_कारलं

@रिमोटवाला, कान सोडा. हातोडा मालिकावाल्यांचा. कॉमिक्समधलं बालपण बरंच कोरडं आहे: गरीब, जाडा, पोरांनी छळलेला मुलगा अंग कमावतो, रिगोलेट्टो नावाच्या डॉनचा अंगरक्षक होतो आणि एके दिवशी त्यालाच मारून जागा घेतो. रडायला जागा ठेवलेली नाही. मला तेच बरं वाटतं. दर खलनायकाच्या लहानपणात डोकवायची आजकाल साथ आलीय.

गॉथमचा_जावई

अवांतर वाटेल, पण 'बॉर्न अगेन' संपल्यावर वर्षभरातच मिलर आणि मॅझुकेली ही जोडी बॅटमॅनकडे गेली आणि तिथे कारमाइन फाल्कोनी नावाचा डॉन उभा केला. दोघांना शेजारी ठेवून बघा. फाल्कोनी कोट-टायमधला साधा माफिया. पोलीस आयुक्त त्याच्या पंगतीला जेवतो. जेवणाच्या टेबलावर बॅटमॅन भिंत फोडून येतो आणि सांगतो, तुमची मेजवानी आटोपत आली. पुढे 'द लाँग हॅलोवीन'मध्ये टू-फेस नावाचा खलनायक त्याला गोळी घालतो. संपला विषय.

गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, डॉनचं काम जागा रिकामी करणं एवढंच. त्याच्या जागी वेडे येतात. मार्व्हलने पन्नास वर्षांवर फिस्कला मरू दिलं नाही, म्हणून दर लेखकाला त्याला नवीन नोकरी शोधून द्यावी लागते. कधी कंगाल करून रस्त्यावर आणा, कधी तुरुंगात घाला, कधी महापौर करा. धागाकर्त्यांची तक्रार खुर्चीबद्दल नाहीये. त्यांना फिस्कला पेन्शनीत काढायचंय आणि तसं म्हणायची हिंमत नाही.

भिंतीवरचा_कोळी

तुरुंगाचं नाव काढलंत म्हणून. २००७ मध्ये फिस्कने आतून सुपारी दिली, गोळी पीटरऐवजी त्याच्या मे काकूला लागली. पीटर तुरुंगात शिरून सगळ्या कैद्यांसमोर मुखवटा काढतो आणि त्याला चोप चोप चोपतो. काकू गेली की परत येईन, म्हणतो. खुर्चीवरून उठवायचा तर असा उठवावा!

हेल्स_किचनकर

@गॉथमचा_जावई, पेन्शनीचा मुद्दा झोंबला असणार धागाकर्त्यांना.

पण महापौरकीची एक गोष्ट तुम्ही कुणीच काढली नाहीत. लेखक चिप झडार्स्कीच्या अंकांत फिस्कला वाटतं, आता आपण वर पोचलो. मग त्याची गाठ स्ट्रॉमविन भावंडांशी पडते. पिढीजात पैसा. ना निवडणूक, ना टोळी. ही माणसं त्याला आपल्या दारात भाड्याने आणलेल्या अस्वलासारखं वागवतात. नंतर माणसं लावून झोडपूनही काढतात, आणि हा महापौर असून काही करू शकत नाही. आयुष्यभर ज्याने शहर विकत घेतलं त्याला कळतं की शहर आधीच विकलं गेलेलं होतं आणि पावती दुसऱ्याच्या नावावर आहे.

हे दाखवायला त्याला खुर्चीत बसवावंच लागतं. पडद्यामागे असेपर्यंत आपणच सर्वात मागे आहोत असा त्याचा समज होता.

शाईचा_डाग

हे मात्र लागलं. स्ट्रॉमविनचा भाग मी वाचला होता, पण 'मधला मजकूर' म्हणून भराभर उलटला होता. चूक माझी.

तरी 'डेव्हिल्स रेन'चा शेवट बघा. मॅट समजून तो मॅटच्या जुळ्या भावाला, माइक मर्डॉकला, नुसत्या हातांनी ठार मारतो. भलताच माणूस! १९८६ मध्ये याच फिस्कने मॅटला बेदम मारून, अंगावर दारू ओतून, मेलेल्या ड्रायव्हरच्या टॅक्सीत घालून नदीत ढकललं होतं, आणि गाडीत प्रेत सापडलं नाही म्हटल्यावर चैन पडेना. एका प्रेतासाठी कासावीस होणारा माणूस कुणाला मारतोय याची खात्री न करता मारतो? हा म्हातारपणाचा परिणाम म्हणायचा की लेखकाच्या घाईचा?

हेल्स_किचनकर

संतापाचा. 'बॉर्न अगेन'मध्येही तोच घात करतो. हळूहळू पिळत होता ते सोडून मॅटचं घर बॉम्बने उडवलं. मॅटला तोवर वाटत होतं की नशीबच फिरलंय. ढिगाऱ्यात स्वतःचा पोशाख हाती लागल्यावर त्याला कळलं की मागे कोण आहे. फिस्कला सही केल्याशिवाय राहवत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

निवृत्त_कॅशियर

मी यातलं काही वाचत नव्हतो. नातवाने 'बॉर्न अगेन'चा संग्रह इथे ठेवला म्हणून चाळला आणि पहिल्याच भागात अडकलो.

चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यात मॅट घरी बसून पत्रं उघडतो ना, करखात्याचं एक, बँकेचं एक, ते मला मारामारीपेक्षा जड गेलं. कारण काउंटरच्या पलीकडून मी ते बघितलंय. माणूस पावत्या घेऊन उभा असतो आणि आपण म्हणतो, सिस्टिममध्ये दिसत नाही. तो म्हणतो, भरलेत हो. आपण म्हणतो, दिसत नाही. पहिल्या दिवशी तो भांडतो. तिसऱ्या दिवशी आवाज खाली येतो. पाचव्या दिवशी येतो तेव्हा त्याला स्वतःलाच शंका यायला लागलेली असते की आपण खरंच भरले होते का.

गेल्या वर्षी माझंच पेन्शनचं खातं केवायसीवरून गोठलं. अकरा दिवस. सगळे कागद जोडले होते, स्वतः एकेकाळी हेच तपासायचो. समोरची मुलगी सभ्य होती, म्हणाली, काका, दिसत नाहीये. कुणी फिस्क वगैरे नव्हता त्यामागे. बाराव्या दिवशी आपोआप सुरू झालं. कारण विचारलं तर तेही दिसत नव्हतं.

धागाकर्त्यांना विचारायचं होतं, मॅटला त्याचं ते घर पुढे परत मिळतं का? नातू सांगत नाही, म्हणतो वाचा.

शाईचा_डाग

काका, नातवाचं ऐका. सातव्या अंकापर्यंत या, मग आपण बोलू.