अनुभव धागा: दमदार गाडी घेतली, बिघडली तेव्हा काय झालं?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, देशभर बातमी झाली. घेतल्याची बातमी होते. बोनेट उघडून रस्त्याकडेला उभं राहिल्याची होत नाही. टर्बोवाल्या, भारी पिकअपच्या गाड्या वापरणाऱ्या मराठवाड्यातल्या लोकांनी इथं लिहावं: काय गेलं, कशानं गेलं, दुरुस्त कुठं झालं. कंपनी आणि डीलरची नावं नकोत, भांडणं होतात.

माझ्यापासून सुरुवात. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल. कूलंट कमी व्हायचं, पण गाडीखाली थेंब नाही. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी टॉप-अप करून वर ‘नॉर्मल आहे सर’. मे महिन्यात बीडकडे जाताना तापमानाचा काटा लाल पट्टीत. शेवटी गेवराईच्या एका मिस्त्रीनं टॉर्च मारून दाखवलं. थर्मोस्टॅटचं (कूलंटची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेचं) घर प्लॅस्टिकचं, इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांखाली) दडलेलं. तापून-निवून त्याला चीर गेलेली. गळलेलं कूलंट गरम इंजिनावरच वाळायचं, खाली येणार कुठून? निदान फुकट, पार्ट मात्र पुण्याहून. तोही सुटा नाही, वॉटर पंपासकट अख्खा. पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या मुलखात हा तुकडा अल्युमिनियमचा का नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

लातूरकर: आमचं दुखणं गिअरबॉक्सचं. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, तोही कोरडा. हायवेला लोण्यासारखा चालतो. पण गंजगोलाईत गर्दीतून इंच-इंच सरकायचं म्हणलं की स्क्रीनवर ‘गिअरबॉक्स गरम, गाडी थांबवा’. थांबवू कुठं? मागं ऑटो, पुढं हातगाडा! सावकाश सरकताना क्लच अर्धवट घसरत राहतो, अन् कोरड्या क्लचची उष्णता ओढून न्यायला तेल नसतं. वॉरंटीत होतो तोवर सॉफ्टवेअर अपडेट मारून परत पाठवायचे. वॉरंटी संपली अन् मग मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलायचं ठरवणारा गिअरबॉक्सचा मेंदू) खराब निघालं. लई शहाणं युनिट! आता पुढच्या गाडीपासून अंतर सोडतो, मोकळं झालं की एकदाच पुढं घेतो.

धाराशिवची ताई: गावाच्या वेशीवरचा गतिरोधक, पांढरे पट्टे नाहीत. इंजिनाखालचा ऑईलचा चेंबर फुटला, ऑईल रस्त्यावर. लगेच इंजिन बंद केलं म्हणून ते तरी वाचलं.

नांदेडवाला: सकाळी स्टार्ट केली की थरथर. आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग म्हणे ‘पेट्रोल खराब असेल’. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येणारी तेलाची वाफ तिथं बसते आणि कार्बन चढतो. टाकीत महागडं ॲडिटिव्ह ओतून उपयोग नाही, ते तिथं पोचत नाही. आम्हाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, तिथं मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून व्हॉल्व्ह साफ केले. बिल बघून घरची मंडळी म्हणाली, ‘आम्हाला कधी खायला अक्रोड आणले नाहीत!’

जालनेकर: समृद्धीवर टायर गेला. रनफ्लॅट, म्हणून स्टेपनीच नाही. पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं असं पुस्तकात आहे, पण माझ्या टायरची बाजूची भिंतच फाटली. जालन्यात तो साइज मिळाला नाही. आणखी एक, ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर क्रेनला दोन चाकं उचलून ओढू देऊ नका, अख्खी गाडी वर चढवणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. नाहीतर टायरपायी ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) जायचा.

उदगीरकर: जुनी एक स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

लातूरकर: स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड काढा. कूलंटची टाकी स्वतः उघडून बघा, पण इंजिन थंड असताना. मग चढावर रिव्हर्स टाका. झटका बसला तर चहा पिऊन परत या. आमचीबी विकायचीय, पण ती तुम्हाला दाखवणार नाही.